चित्रफितीआधीचे चाळीस सेकंद

मी, उद्धव गजानन पाचपोर, वय वर्षे ७१, निवृत्त शिक्षक आणि मैदानावरचा समालोचक, राहणार साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. उलट दोन्ही मुलांनी "आत्ता कशाला, बाबा" म्हणून टाळाटाळच केली. तोंडी सांगता आले असते तर केव्हाच सांगितले असते, असे म्हणणार होतो, पण ते खरे नाही. आवाज होता तेव्हा मी गप्प राहिलो. मागल्या वर्षी नागपूरला माझे स्वरयंत्र काढले. काही लोकांना यात देवाचा न्याय दिसतो. डॉक्टरांना माझा तंबाखू-सुपारीचा खर्रा दिसतो आणि मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. साईनगरचे राहते घर मुलगा अद्वैत आणि मुलगी निधी यांना निम्मे निम्मे. विकायचे तर विका, मला त्याचा मोह नाही. मागच्या अंगणात चारुशीलेने लावलेले लिंबाचे झाड आहे. ते पाडायची वेळ आली तर आधी शेजारच्यांना लिंबे वाटा, एवढेच.

२. माझी पत्नी कै. चारुशीला हिचे दागिने निधीला. अद्वैतने तोंड वाकडे करू नये. दोन बांगड्या त्याच्या इंजिनीयरिंगला आधीच गेल्या आहेत आणि त्या परत आलेल्या नाहीत.

३. माझी स्कूटर लाऊडस्पीकरवाले जानराव भोपळे यांना द्यायची होती. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे आमच्या वकीलबाई प्रतीक्षा देव यांनी बजावले. म्हणून स्कूटर परवाच त्यांच्या दारात नेऊन लावली. गाडीचा ब्रेक कच्चा आहे, हे त्यांना सांगितले आहे.

४. आमच्या क्रीडा मंडळाने जानेवारीच्या फुटबॉल स्पर्धेत माझ्या नावाचा चषक ठेवण्याचा ठराव केला आहे. त्यासाठी मी बाजूला काढलेली मुदत ठेव मंडळाला मिळेल, पण कलम ९ पाळले तरच. न पाळल्यास ती निधीच्या मुलीच्या शिक्षणाला जाईल. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतले की माणसाचे काय होते, ते मी पाहिले आहे.

५. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. वीस-बावीस वर्षे मी गावोगावच्या कबड्डी सामन्यांना समालोचन करत आलो. आपल्याकडे रीत अशी, की पोराने चांगली चढाई केली की खेळ थांबतो, त्याच्या गावचा कोणी शेला-नारळ घेऊन थेट मैदानात येतो आणि त्याचा सत्कार करतो. त्या माणसाला बोलावणे हे समालोचकाचे काम. माझ्या जिभेला ते वळण पडले होते.

२०१९ च्या जानेवारीत अमरावतीत आमच्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी होती. मूर्तिजापूर तालुक्यातल्या पिंपळशेंड्याच्या अमोलने शेवटच्या दहा मिनिटांत गोल मारला. मी भान विसरलो आणि माईकवर ओरडलो, "अरे वा रे वाघा! पिंपळशेंड्याचं कोणी आहे का इथं? असाल तर या, मैदानात या, आपल्या पोराच्या गळ्यात शेला टाका!"

आणि एक जण आला. नितेश खुशालराव गावंडे, वय चोवीस. सामना संपल्यावर अमोलचा सत्कार करायचा म्हणून गावाने त्याला शेला आणि नारळ देऊन पाठवले होते. तो कुंपण ओलांडून धावत आला. फुटबॉलच्या मैदानात असे कोणी येत नसते. शिपायांना त्याच्या हातातला नारळ दिसला आणि हा कोणाच्या तरी डोक्यात घालणार, असे त्यांना वाटले. दोघांनी त्याला आडवा पाडला. नारळ घरंगळत गेला, तेव्हा सगळे मैदान हसले. त्याला माझ्या टेबलाशी आणला. अध्यक्ष लालबुंद होऊन माझ्या खांद्याशी उभे होते. पाहुण्यांमध्ये फुटबॉल संघटनेचे मोठे लोक बसले होते. मी माईक नितेशपुढे धरून नाव विचारले. त्याने पूर्ण नाव सांगितले, वडिलांचे, गावाचे. सांगताना तो हसत होता. आता सर सांगतील की मीच याला बोलावलं, असे त्याला वाटत होते.

मी म्हणालो, "प्रेक्षकहो, ओळखून ठेवा हा चेहरा! नितेश खुशालराव गावंडे! काय पराक्रम गाजवला बघा पठ्ठ्याने!"

अद्वैत तेव्हा प्रेक्षकांत होता. नितेश धावताना दिसला तेव्हा त्याने मोबाइल वर धरला, म्हणून त्याची चित्रफीत तिथून सुरू होते. त्याने काही कापले नाही, त्याने उशिरा सुरुवात केली. इंटरनेटवर टाकलेली ती फीत घाबरून आठवडाभराने काढून टाकली, तोवर ती हजार मोबाइलांत पोचली होती. माझी हाक हजारोंनी कानाने ऐकली होती. पण चित्रफीत पाहिल्यावर प्रत्येकाच्या ध्यानात चित्रफीतच राहिली.

६. त्याच संध्याकाळी ठाण्यात मला बोलावले. नितेश बाकावर बसला होता, कोपर सोललेले. मला पाहून उठला. "सर, सांगा न यायले. तुमीच बोलावलं न मले?"

फौजदारांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला आठवत नाही." हेच मी लिहूनही दिले. खाली माझी सही आहे. तो जबाब खोटा आहे, असे मी आज या सहीने जाहीर करतो.

७. मंडळाने त्याचा फोटो फ्लेक्सवर छापून मैदानाच्या फाटकाला टांगला, 'या इसमास कायमची प्रवेशबंदी'. फोटो निवडला तो हसतानाचा. लोक थांबून म्हणत, बघा, लाज कशी नाही. तो फ्लेक्स तीन वर्षे तिथे होता आणि मी दर जानेवारीत त्याच्याखालून आत गेलो. नितेश पोलीस भरतीत धावण्यात आणि लेखी परीक्षेत पास झाला होता. चारित्र्य पडताळणीत त्या दिवशी नोंदलेला हा गुन्हा आडवा आला. कोर्टाने त्याला सोडले, तोवर भरतीचे वय निघून गेले होते. माझे वाक्य कोणीतरी ढोलाच्या ठेक्यावर बसवले. त्याच्या बहिणीच्या, आचलच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी ते डीजेवर लावले. तो तेव्हा पंगतीत वाढत होता म्हणतात.

मैदानात घुसू नये, हे मला मान्य आहे. खेळाडूला इजा होऊ शकते. बाहेर काढा, घरी पाठवा, फार तर दंड करा. निधीने हा कागद वाचून म्हटले, "बाबा, तुम्ही बोलावलं होतं, म्हणजे तो निर्दोष." बरोबर आहे, पण तेवढेच नाही. मी बोलावले नसते, तो आपल्याच खुळाने धावत आला असता, तरीही हे जास्तच होते. खेळ थांबला अर्धा मिनिट. त्यासाठी एका माणसाला त्याच्या बहिणीच्या मांडवातसुद्धा तोंड लपवावे लागू नये.

८. शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी मी पिंपळशेंड्याला गेलो. आवाज आहे तोवर त्याची क्षमा मागावी, असे मनात होते. ओसरीत कोणी नव्हते. मी बाहेरून विचारले, "कोणी आहे का घरात?"

आतून एक बाई आली. माझ्या तोंडाकडे तिने नंतर पाहिले, आधी ती थबकली. नितेशची आई, लीलाबाई. म्हणाली, "तुमी तेच न? माईकवाले?"

मी मान हलवली. तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. "तो नाई इथं. धामणगावले जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलते. तोंडाले दुपट्टा बांधूनच रायते, कापसाचा त्रास होते म्हणते." मग म्हणाली, "त्याले काहून शोधून राहिले सर? आता काय बाकी रायलं?"

मी पाणी प्यायलो आणि निघालो. धामणगावला गेलो नाही. तो माणूस माझ्या आवाजाने मला ओळखेल, याची मला भीती वाटली. आजही वाटते, आवाज नसताना. मुले रस्त्यात ते वाक्य नक्कल करून म्हणतात. फोनवर कोणी ना कोणी पाठवते. माझ्या घशात आता भोक आहे, पण तो आवाज ठणठणीत आहे आणि दिवसातून कितीदा तरी त्याच एका माणसाचे नाव घेतो.

९. माझे समालोचन घरी जाऊन ऐकायची मला हौस होती, म्हणून खिशात एक छोटा रेकॉर्डर असे. त्या दिवशीही होता. त्याचे कार्ड चारुशीलेच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. तिने ते एकदाच ऐकले आणि म्हणाली, "अहो, तो तुमच्या हाकेवर आला होता." मी फेकायला निघालो, तेव्हा तिने हातातून काढून घेतले. "याचा मालक वेगळा आहे." त्यानंतर मरेपर्यंत ती माझ्या एकाही सामन्याला आली नाही. 

हे कार्ड, त्यातील आवाजासह, मी नितेश खुशालराव गावंडे यास देत आहे. अंमलबजावणीसाठी नेमलेल्या ॲड. प्रतीक्षा देव यांनी स्वतः धामणगावला जाऊन, एकटीने, त्याच्या हातात द्यावे. त्याला ते फोडावेसे वाटले तर फोडू द्यावे आणि तिथेच हे कलम पाळले गेले असे धरावे. त्याचे नाव पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचा हक्क मलाही नाही.

ते ऐकवायला तो हो म्हणाला तर, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या अंतिम सामन्यात, मध्यंतर संपून खेळ सुरू होण्याआधी, मंडळाने कार्डातले, चित्रफितीआधीचे फक्त ते चाळीस सेकंद लाऊडस्पीकरवर वाजवावेत. माझी हाक संपली की बंद करावे, पुढचे एक अक्षरही नको. मग खेळ आणखी अर्धा मिनिट थांबवून ठेवावा. कुंपणाचे फाटक उघडे ठेवावे आणि तिथल्या शिपायांना बाजूला बसवावे. टेबलावर एक शेला आणि एक नारळ असावा. त्याला येऊ द्यावे. तो आला नाही, तरीही पूर्ण अर्धा मिनिट थांबावे, कोणी हसू नये आणि कोणी मोबाइल वर धरू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. यातील काहीही मला आठवत नाही असे नाही.

उद्धव गजानन पाचपोर (सही)
अमरावती, ११ सप्टेंबर २०२५

आमच्या समक्ष सही केली :
१. डॉ. सत्यभामा रोडे, अमरावती (सही)
२. जानराव भोपळे, लाऊडस्पीकरवाले, बडनेरा (सही)

सहीखाली जानरावांच्या हातचे : म्या बी आयकलं होतं सर. टेबलाच्या मांगंच बसलो होतो. म्या बी चूप रायलो. स्पीकर मी लावतो.