जेलीच्या बरणीखालची बॅटरी

१२ एप्रिल
माझी बायको व्हर्ना वारली, त्याला दोन महिने झाले. आज तळघरात तिची चोकचेरीची, म्हणजे रानातल्या आंबट लाल फळांची, शेवटची जेली सापडली. गेल्या ऑगस्टच्या अखेरीची, म्हणजे मागच्या जत्रेनंतरची. नियमाप्रमाणे यंदाच्या काउंटी जत्रेतल्या जेलीच्या स्पर्धेत चालते.

ड्रॉवरमध्ये तिच्या तांबड्या फिती आहेत. तांबडी म्हणजे दुसरा नंबर. निळी, पहिल्या नंबरची, एकही नाही. निळी दरवर्षी लव्हॉन हॉगनला. परीक्षक दरवर्षी आर्डिस टॉलफसन. शेराही दरवर्षी तोच: ‘चव उत्तम, रंग काळपट.’

मी शांत माणूस आहे. सूड हा शब्द आजवर कागदावर लिहिला नव्हता. आज लिहितो. सूड.

१३ एप्रिल, सकाळी
कारण सापडलं. टॉलफसनबाई बरणीखाली बॅटरी धरून रंग बघतात. ती बॅटरी मी पाहिली आहे. हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी टोपलीत पडलेली असते तसली. उजेड निळसर. त्यात लाल रंग काळाच दिसणार. बाईंचा दोष नाही, असं लिहिणार होतो. पण आहे.

योजना: रंग खरे दाखवणारी बॅटरी घ्यायची आणि जत्रेत सगळ्यांसमोर बाईंच्या हातात द्यायची. व्हर्नाला निळी फीत, बाईंना शरम. आठवड्याचं काम.

२ मे
आठवडा पुरला नाही. बॅटरीच्या उजेडाला गुण असतात, सूर्याला शंभर धरून. लाल रंगाचे गुण वेगळे, आणि बहुतेक बॅटऱ्या त्यात नापास. आयुष्यभर जमिनी मोजल्या, मोजमाप मला नवीन नाही. पण गुण एक आणि झाक दुसरी, हे माहीत नव्हतं.

पहिली बॅटरी आली. पांढऱ्या भिंतीवर मारून पाहिली. छान वाटली. इंटरनेटवर या विषयाची मंडळी आहेत, त्यांना फोटो पाठवला. कॅनडातल्या सास्काचेवानच्या एका गृहस्थाने हिरवट झाक दाखवून दिली. म्हणाला, हिरवी झाक म्हणजे घरात मेलेला उंदीर, एकदा कळली की दुसरं काही सुचत नाही. खरं आहे. परत पाठवली.

१९ मे
दुसरी. गुण पंच्याण्णव, पण पिवळट. माझा हात कावीळ झाल्यासारखा दिसतो. परत.

ग्रेचनचा फोन. आईचे कपडे चर्चला दिले का, विचारत होती. म्हटलं, सध्या कामात आहे. कसल्या? उजेडाच्या. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही जेवता ना?”

मुलीला सुडातलं काही कळत नाही.

८ जून
तिसरी, गुलाबी झाकेची. व्हर्नाच्या बरणीखाली लावली आणि खुर्ची ओढून बसलो. चर्चच्या खिडकीतल्या रंगीत काचेचं लाल. कॉफी गार झाली.

पण ही लाल जरा वाढवून दाखवते. उद्या कोणी म्हणेल, एल्मरने लबाडी केली. सूड घ्यायचा तर सरळ मापाने. हिला घरात ठेवायची, जत्रेत नाही.

२७ जून
चौथी. गुण अठ्ठ्याण्णव, झाक नाहीच. यापेक्षा खरी बॅटरी विकत मिळत नाही. हिच्यात जेली थोडी काळपट दिसते. स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या आहेत, त्याचा परिणाम.

५ जुलै
भिंती पांढऱ्या केल्या. फरक नाही. माझे डोळे असणार.

१४ जुलै
डॉक्टर म्हणतो, डोळे उत्तम आहेत. डॉक्टर फार तरुण आहे. बरणीची काच जाड आहे, हे खरं कारण.

६ ऑगस्ट, संध्याकाळी
जत्रा. उजव्या खिशात खरी बॅटरी, डाव्या खिशात गुलाबी. ती का घेतली होती, सांगता येत नाही.

गर्दी चांगली होती. मी पुढे होऊन खरी बॅटरी बाईंच्या हातात दिली. शरम वगैरे दिसली नाही. म्हणाल्या, अशीच कधीची हवी होती. लव्हॉनच्या बरणीखाली धरली. डाळिंबाचे दाणे. मागून कोणी तरी ‘अहाहा’ म्हणालं. मग व्हर्नाच्या बरणीखाली धरली.

काळ्या कॉफीचा रंग.

डावा हात खिशात गेला. तिथेच राहिला.

बाई बॅटरी बंद करून हळू आवाजात म्हणाल्या, “एल्मर, मी तिला दरवर्षी सांगायचे, अगं, शेगडीवरून जरा आधी उतरव, निळी तुझीच आहे. तर म्हणायची, एल्मरला दाट, काळीच आवडते. फीत काय टोस्टवर लावायची?”

तांबडी फीत मिळाली. बॅटरी बाईंनी ठेवून घेतली.

७ ऑगस्ट, सकाळी
सूड पुढच्या वर्षावर. टॉलफसनबाईंनी हे मला आधीच सांगायला हवं होतं. पत्र लिहून तसं कळवणार आहे.

लव्हॉनचा फोन आला होता. बॅटरी कुठली, विचारत होती. सांगितलं. हिरवट घेऊ नकोस, म्हटलं.

फीत ड्रॉवरमध्ये ठेवली. बरणी उघडली, टोस्ट भाजले. गुलाबी बॅटरी टेबलावरच होती, लावली नाही. जेलीत चमचा उभा राहिला.

दोन टोस्ट खाल्ले. ग्रेचनने विचारलं तर सांगता येईल.