गडावर दिलेलं आमंत्रण

रविवार
सगळ्यांत आधी उगवली ती शेजारीण! माझी ट्रंक अजून दारातच, आणि ही कमरेवर हात ठेवून विचारते, लेकीकडे पाहुण्या का? म्हटलं, कायमची आलेय, गुडघे सोडून सगळं आणलंय. फार हसली. घर छान आहे. स्वयंपाकघरातून टेकडीवरचा पडका किल्ला दिसतो. नात म्हणते, आजी, उद्या जाऊच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण रोज लिहिणार.

सोमवार
गेलो बाई! मी धापा टाकतेय, नात शेळीसारखी पुढे. वर छप्पर नसलेला मोठा दिवाणखाना. दगडी बैठका, दोन मोठ्या, मध्ये एक छोटी. तिथं टेकलो, पाणी प्यायलो. उठताना सवयीनं म्हटलं, येते हं, आता तुम्ही या आमच्याकडे. कुणाकडे बसले की असं म्हटल्याशिवाय माझा पायच निघत नाही. नात खो खो हसली. हसतेस काय, म्हटलं, तूही असंच म्हणायला शिक. घरी लेक म्हणाली, आई, तू भिंतींनाही जेवायला बोलावशील!
शेजारीण मात्र हसली नाही. म्हणाली, पूर्वी किल्ल्याला वेढा पडला तेव्हा वरचं पाणी संपलं. आधी तिथं राहणाऱ्या घरातली लहान मुलगी गेली, मग सगळे.

मंगळवार
लेक कामावर असताना दोघी आल्या. सासू-सुना असाव्यात. पायघोळ झगे, अंगावर चुना. मला वाटलं, लेकीच्या ओळखीच्या. पाणी दिलं. तांब्या संपला, माठ संपला, तरी पेला पुढेच. नातीच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, बोलावलंत म्हणून आलो, आता हिला आमच्याकडे पाठवा, गुरुवारी न्यायला येतो. मी आपली हो हो म्हणत गेले. मेली सवय!
मग आठवलं, मी बोलावलं होतं कुणाला—

बुधवार
एकटीच वर गेले. हात जोडले. चुकलं, म्हटलं, येऊ नका, न्यायचं तर मला न्या. छोटी बैठक स्वच्छ पुसलेली. तिच्यावर नातीची रिबीन. काल केसांत होती.
लेकीला म्हटलं, आत्ता निघू या इथून. ती म्हणते, पर्यटकांसाठी सजलेल्या नाटकातल्या बायका असतील, उगाच काहीतरी घेऊन बसू नकोस.
नात सारखी पाणी मागतेय. कितीही दिलं तरी— ओठ चुन्यासारखे—

गुरुवार
कडी घातली होती. कपाट सरकवलं होतं. पोरीला मांडीवर घट्ट धरलं होतं— खुर्च्यांत त्या दोघी आधीच बसलेल्या— माझे हात उघडले, कसे कळलं नाही— पाय उठेनात—
दारात नात वळली. शिकवलं तसंच म्हणाली, येते हं आजी, आता तुम्ही या आमच्याकडे. आईलाही आण.
त्या म्हणाल्या, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्हीच न्यायला येतो दोघींना—
लेक आत्ता येईल— तिला काय—
रविवारी म्हणाल्या. रवि—