दुसरी बादली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा रागावण्याचंच निघतं. आज शुक्रवार, सुट्टी. ओमानातल्या अल अमेरातच्या माझ्या खोलीत एसी घरघरतोय, खिडकीबाहेरचे बोडके डोंगर तापलेत, आणि मी या वयात तुला पत्र लिहायला बसलोय. आमच्या अर्बाबांनी, म्हणजे मालकांनी, तुला एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. उद्या सकाळी त्यांना उत्तर हवंय.

तू होतीस तेव्हा मी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होतो. आता एका नेमबाजीच्या क्लबात आहे. अर्बाब फौजेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि मनाने सरळ. पिस्तुलातून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या आणि निवडायच्या, हे माझं काम. निवडलेल्या पुंगळ्यांत अर्बाब स्वतः नवी दारू आणि नवी गोळी भरतात आणि ती काडतुसं सरावाला वापरतात. सगळं परवान्याने, पोलिसांच्या नजरेखाली. बुडाशी फुगलेली, तोंडाशी चिरलेली, चेपलेली पुंगळी मी बाजूला टाकतो. हसशील तू. तुझ्या कामापासून लांब पळायचं म्हणून मी फिटरचा कोर्स केला, समुद्र ओलांडला, आणि शेवटी तुझ्याच टेबलावर येऊन बसलो.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला काडतुसांच्या कारखान्यात घेतलं. तपासणीच्या लांब टेबलाशी तुम्ही बायका बसायचात. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवायच्या आणि कान द्यायचा, असं तू मला दाखवलं होतंस, घरी, शेंगा घेऊन. तडा गेलेली पुंगळी बसक्या आवाजात बोलते म्हणायचीस. ही खोड तू घरीदारी सगळीकडे नेलीस. मी ओमानला निघालो तेव्हा मला तांब्या घ्यायचा म्हणून भांड्यांच्या दुकानात गेलो, तर तू एकेका तांब्यावर बोटाचं पेर आपटून ऐकत उभी. दुकानदार कावला, "मावशी, तांब्या घ्यायचाय की तबला?" तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. तो तांब्या आजही माझ्या उशाशी आहे. त्यातलंच पाणी पितो.

मला आठवतो तो एक दिवस. मी शाळेतून आलोय, तू कामावरून लवकर आलेली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. तुमच्या टेबलावरून गेलेल्या मालातलं एक काडतूस चाचणीच्या वेळी फुटलं होतं. कुणाला लागलं नव्हतं, आणि ते तुझ्या हातून गेलं होतं असंही कुणी म्हणालं नव्हतं. तरी तू केलेल्या पोह्यांत मीठ दोनदा पडलं. मी तोंड वाकडं केलं तर तू म्हणालीस, "खा गुपचूप. माझे हात थाऱ्यावर नाहीत आज." मी विचारलं, एवढी भीती वाटते तर दुसरं काम का मागत नाहीस? तू ताट पुढे सरकवलंस. "भीती वाटते म्हणूनच मला तिथे बसवलंय. जिला वाटत नाही तिला पॅकिंगला पाठवतात." तेव्हा मला ती फुशारकी वाटली होती.

आणि ते रागावणं. दिवाळीच्या आधी मी तुला खूश करायला देवाची पितळी भांडी फरशी पुसायच्या औषधात भिजत घातली. त्याचा वास नाकात झोंबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. तू आलीस, वास घेतलास आणि अख्खी बादली मोरीत उपडी केलीस. पाठीत एक धपाटा मिळाला तो वेगळा. "पितळेला चिंच लावतात. हे असलं झोंबरं लावलं की ते आतून मरतं, वरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस आपोआप तडकतं." कारखान्यातले जुने लोक सांगायचे म्हणे, तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या मुताच्या वाफेने नुसती पडल्यापडल्या फुटायची. मला घोड्यांचं ऐकून हसू आलं, म्हणून आणखी एक धपाटा बसला.

आई, या आठवड्यात क्लबात पुंगळी फुटली. अर्बाबांची मुलगी सराव करत होती. कॉलेजात जाते, मला अंकल म्हणते, गोळी चुकली की स्वतःलाच अरबीत शिव्या घालते. मी मागे उभा होतो. नेहमीचा आवाज आला नाही, काहीतरी फाटल्यासारखा आला. तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि ती वळली, तेव्हा तिच्या चष्म्याच्या एका काचेवर सगळी काजळी होती आणि गालावर रक्ताची बारीक रेघ. ती हसत होती. "अंकल, कुछ नहीं हुआ, देखो." मी मात्र आधी उडालेली पुंगळी शोधून उचलली. ती पुंगळी मी निवडलेली होती. बुडाजवळ फाटली होती आणि फाटलेली कड भाजलेल्या मातीसारखी भुरभुरीत होती. चष्मा नसता तर तिचा डोळा राहिला नसता, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या टेबलाखाली निवडलेल्या पुंगळ्यांच्या दोन बादल्या असतात. फुटलेली पुंगळी ज्यातली होती त्या पहिल्या बादलीत मी नाक घातलं आणि मला तुझी मोरी आठवली. मुलीला विचारलं. ती खुशीतच म्हणाली, "मैंने धोया ना अंकल! बाबा को सरप्राइज. काच साफ करने का पानी डाला, दो दिन रखा. कितना शाइनिंग आया!" त्या पाण्याची बाटली मी उघडून बघितली. तोच झोंबरा वास. मग दुसऱ्या बादलीचं विचारलं. बहुतेक नाही, म्हणाली. काही पुंगळ्या तिकडे ओतल्या असतील, आठवत नाही.

काल दुपारी मी अर्बाबांना सांगितलं. पहिली बादली भंगारात टाका म्हटलं. स्पर्धा तोंडावर आली आहे आणि नव्या पुंगळ्यांच्या परवानगीला वेळ लागतो. ते म्हणाले, "तुम देख के चुनो. तुम्हारा आँख अच्छा है." मी म्हटलं, अर्बाब, हे डोळ्याला दिसत नाही. "किसने बोला?" तू अजून असल्यासारखं माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरी अम्मा बोलती है. वो काडतूस फॅक्टरी में चेकिंग करती है." ते मग उठले, पहिली बादली स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवली. "अम्मा बोला तो खलास." परत येऊन दुसऱ्या बादलीकडे बोट केलं. "और ये? इसका अम्मा को पूछो. शनिवार को बताओ, इन्शाल्ला."

तर विचारतोय. दुसऱ्या बादलीला वास नाही. मी मुठी भरभरून खुळखुळवल्या, डोळे मिटून ऐकलं, बसका आवाज एकीचाही आला नाही. पण आतून मेलेली आणि अजून न तडकलेली पुंगळी बोलते का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही. नको म्हटलं तर मुलीचा सराव थांबेल, स्पर्धा हुकेल, आणि मी उगाच घाबरवतो म्हणून कदाचित माझी नोकरीही जाईल. हो म्हटलं तर ती परत चष्मा लावून उभी राहील, मी मागे उभा राहीन, आणि प्रत्येक गोळीला माझा जीव वरखाली होईल. इतका घाबरलोय की मला आता पॅकिंगलाही कुणी पाठवणार नाही.

उद्या सकाळी अर्बाब विचारतील, अम्मा क्या बोली? दुसरीही नको म्हणाली, असं मी सांगणार आहे. हे तू म्हणालेली नाहीस. मला भीती वाटते म्हणून मी म्हणतोय आणि तुझ्या नावावर घालतोय, कारण माझ्या भीतीला ते मान देणार नाहीत, तुझ्या शब्दाला देतील.

काल निघताना त्यांनी तुला सलाम सांगितला, आणि हलव्याचा एक मोठा डबा माझ्या हातात दिला. "कोई इंडिया जाता तो अम्मा को भेजो." डबा समोर टेबलावर आहे, तांब्याशेजारी. तू नाहीस हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण किती वर्षांनी तुझ्यासाठी कुणीतरी काही दिलं होतं, म्हणून मी तो घेतला.