पेडलखालचा ठोकळा

लंडन, ऑन्टारियो
५ जुलै २००९

ती. पद्माताईस,
रावसाहेबचा जय भीम. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. कॅनडात येऊन अडीच महिने झाले, पण पोचल्याचं कार्ड सोडून काही लिहिलं नाही. फोन करतो, पण तो स्वयंपाकघरात, स्पीकरवर. शेजारी सूनबाई धम्मप्रिया पोळ्या लाटत असते. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही.

कपिलची जुनी अमेरिकन गाडी तू फोटोत पाहिलीस. १९७० सालची शेव्हेल, एका शेतकऱ्याच्या कोठारात गंजत पडली होती. ऑफिसातून आला की हा गराजात. चार हिवाळे लागले. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन पूर्ण खोलून स्वतःच्या हाताने बांधलं. मी आल्यावर आतलं कार्पेट चिकटवायचं काम मला दिलं. गाडी सुरू केली की घरातल्या कपाटात भांडी वाजतात.

मग कळलं, ही नुसती मिरवायला नाही, शर्यतीत पळवायची. सरळ रस्ता, पाव मैल, शेजारी दुसरी गाडी, आणि पाय दाबला की वर घ्यायचाच नाही! ताई, माझी झोप उडाली. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मी काय केलं? ड्रायव्हरांनी गाड्या पळवू नयेत म्हणून अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली ठोकळे ठोकले, पूर्ण दाबताच येऊ नये असे. हाताला तेवढंच ठाऊक. कार्पेट चिकटवताना पेडलच्या बरोबर खाली एक लाकडी ठोकळा बसवला आणि वरून चिकटवून टाकलं.

वाटलं, थोडी कमी पळेल, कुणाला कळणार? २१ जूनच्या शर्यतीत शेजारची गाडी पलीकडे पोचली तेव्हा आपली अजून वाटेतच, काटोलच्या मुक्कामी बससारखी. तेव्हापासून कपिल रोज कार्ब्युरेटर खोलतोय. बोनेट उघडून हाताने पेडलची तार ओढली की सगळं ठीक चालतं. पायाखाली बघायचं त्याच्या मनातही येत नाही, कारण ते काम बाबांनी केलंय. काल म्हणाला, बाबा, माझ्या हातात ते नाही, विकून टाकतो. ओकव्हिलचा एक गृहस्थ २ ऑगस्टला बघायला येणार आहे.

गुपचूप काढावा तर कार्पेट फाटेल. सांगावं तर तोंड उघडत नाही. आणि नाही सांगितलं तर पोरगा निदान सुखरूप राहतो. काय करू ते कळव.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रावसाहेब


नागपूर
१८ जुलै २००९

चि. रावसाहेब यास,
पद्माताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग राग आला. पोरगा बेचाळिशीचा झाला, आणि तू अजून त्याच्या सायकलचं सीट धरून मागे धावतोयस. कॉलनीतली सगळी पोरं शिकली, कपिल सगळ्यात शेवटी, कारण तू सोडतच नव्हतास. त्याच्या शाळेची सहल निघाली की ताप तुला यायचा.

गाडी विकली गेली तर जाऊ दे, लोखंडच ते. पण आपल्या हातात कसब नाही असं धरून तो बसणार, आणि ते त्याच्या डोक्यात तू घातलंस. अरे, तुझ्या एसटीच्या ड्रायव्हरांना निदान ठाऊक तरी असायचं की खाली ठोकळा आहे!

भीती मलाही वाटते. हेल्मेट, पट्टे असतात का ते नीट विचार आणि मलाही कळव. पण भीती वाटते हे त्याला तोंडाने सांग, लाकडाने नको. माणूस बघायला यायच्या आत सांग.

माझा गुडघा कुरकुरतोय, तरी रोज सकाळी विहारात जाऊन येते. आंब्याचं लोणचं घातलंय. कबूल झालास की बरणी पाठवते, आधी नाही.

सूनबाईला आशीर्वाद. तब्येत सांभाळ, माझ्यावर रुसू नकोस.
तुझी,
पद्माताई


लंडन, ऑन्टारियो
९ ऑगस्ट २००९

ती. पद्माताईस,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र ३१ तारखेला आलं. शनिवारी सांगायला म्हणून दोनदा गराजात गेलो आणि दोन्ही वेळा चहा हवा का विचारून परत आलो.

रविवारी तो ओकव्हिलचा गृहस्थ आला, ड्रायव्हरच्या जागी बसून स्टिअरिंग कुरवाळू लागला. कपिल सरळ माणूस. त्याने आपणहून सांगितलं, गाडी देखणी आहे पण दम नाही, मी बांधलेल्या इंजिनातच खोट आहे. ते ऐकून मला राहवलं नाही. पक्कड घेतली, गुडघ्यावर बसलो, पाहुण्याचे पाय बाजूला सारले, कार्पेट टरकावलं आणि ठोकळा उपटून कपिलच्या हातात दिला. खोट तुझ्यात नाही, हे माझं काम, मला भीती वाटली, एवढंच बोलता आलं. पाहुणा हसून हसून लाल झाला. कपिल हसला नाही. गाडी विकायची नाही, सॉरी, असं पाहुण्याला सांगून तो घरात गेला.

मग तीन दिवस तो गराजाकडे फिरकला नाही. धम्मप्रिया म्हणाली, बाबा, त्याला ठोकळ्याचा राग नाही, तो दोष शोधत होता तेव्हा तुम्ही शेजारी बॅटरीचा उजेड धरून गप्प उभे होतात, त्याचा आहे. खरंच आहे ते.

गुरुवारी गराजातून हाक आली. मला म्हणाला, ड्रायव्हरच्या जागी बसा. मी म्हटलं, माझ्याकडे लायसन नाही. तो म्हणाला, रिलॅक्स बाबा, इंजिन बंद आहे; तुम्ही पेडल दाबा, मी पुढून बघतो पूर्ण उघडतं का. यापुढे प्रत्येक शर्यतीआधी हे तुमचं काम. मी दाबलं. बोनेटमागून आवाज आला, अजून. अजून दाबलं. बाबा, अजून! ताई, उभ्या आयुष्यात मी कुठल्याच गाडीचं पेडल तळापर्यंत दाबलं नव्हतं. पाय पत्र्याला टेकला तेव्हा तो ओके म्हणाला, आणि मग हसला.

पट्टे जाड आहेत, हेल्मेट मी स्वतः घालून पाहिलं. रविवारी, १६ तारखेला शर्यत. डोळे मिटायचे नाहीत असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, पण मला धीर आजच हवा आहे. दोन ओळी का होईना, लगेच टाक.

तुझा,
रावसाहेब