कोरडा शनिवार

सोमवार, २ मार्च

काळीज परत केलं! ताटली सरकवली आणि वर रुमाल टाकला. म्हणाले, "आजपासून उपास."

म्हणालं कोण? माझे बाबा! जो माणूस आयुष्यात तीनदा चर्चची पायरी चढला – स्वतःच्या लग्नाला, माझ्या बाप्तिस्म्याला आणि आईच्या मयताला – तो म्हणतो उपास! आज स्वच्छ सोमवार, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा पहिला दिवस; आता मांस, अंडी, दूध, तेल सगळं बंद. सगळं गाव टेकडीवर पतंग उडवायला गेलेलं, तिळाचा हलवा आणि चपटा पाव बांधून. दरवर्षी या दिवशी बाबा मुद्दाम चौकात खुर्ची टाकून सॉसेज खायचे, लोकांनी बघावं म्हणून. आई घराच्या खिडक्या लावून घ्यायची. लहानपणी मला तोंड लपवायला जागा नसायची.

आणि आता, जेव्हा खायलाच हवं, तेव्हा ह्यांना देव आठवला. डॉक्टर व्लाखूबाईंनी त्यांच्या तोंडावर सांगितलंय – पोटातली गाठ काढायची तर अंगात रक्त पाहिजे. मांस, काळीज, दही. ऑपरेशन ईस्टरनंतर. रक्त चढलं नाही तर सुरी लावणार नाही. कान शाबूत आहेत बाबांचे, सगळं ऐकू येतं.

खाटकाकडून ते काळीज मी कोबीच्या गड्ड्याखाली लपवून आणलं होतं. चर्चच्या वेदीची भाकर मळणारी बाई मी. कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. एवढं करून मांजराने खाल्लं.

मंगळवार, ३ मार्च

का, म्हणून विचारलं. "मर्जी," म्हणाले. बस. मर्जी!

शनिवार, ७ मार्च

आज तर हद्द झाली. शनिवार-रविवार तेल चालतं, वाईन चालते. पोरासोरांनाही हा नियम ठाऊक आहे. आठवडाभर पाण्यात उकडलेल्या शेंगा गिळल्यावर माणूस शनिवारची वाट बघतो. मी राजम्यावर चांगलं पळीभर तेल सोडलं. काळीज नाही तर नाही, निदान तेल तरी पोटात जाईल. बाबांनी चमच्याने तेल बाजूला काढलं, मग ताटच बाजूला ठेवलं, आणि कोरडा पाव कांद्याबरोबर खाल्ला.

म्हटलं, बाबा, आज चालतं. आपले पाद्री, पापा-स्तेफानोससुद्धा खातात आज. तर म्हणे, "पापाने खावं. त्याचं पोट मोठं आहे."

आयुष्यभर ज्याची टिंगल केली ते आता करायला घेतलं, तेही चुकीचं! नियम माहीत नाही, आणि विचारायचं तर नाही. अशा माणसाला काय म्हणावं?

सोमवार, ९ मार्च

कागदावर तरी खरं लिहिते.

मी उपास करत नाही. पिठाच्या डब्यामागे चीज आहे, फडक्यात बांधलेलं. कोठीत उभ्याने खाते, दार लोटून. चव लागत नाही. तरी खाते. रोज. त्याला दिसावं म्हणून खाते – वर जो कोणी असेल त्याला.

ऑगस्टमध्ये मारियामातेच्या सणाआधीचे पंधरा दिवस मी काटेकोर धरले होते. माझ्या नवऱ्याने, थोमासनेही धरले. सणाला चर्च गळायला नको म्हणून तो छपराच्या पाट्या बदलायला चढला. तिच्याच छपरावरून पडला. ऐन सणाच्या दिवशी त्याला पुरलं, आणि बायका मला म्हणाल्या, केवढं भाग्य, अशा पवित्र दिवशी! त्या बायकांच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी मान डोलावली.

तेव्हापासून माझं बंद. चर्चला जाते, मेणबत्ती लावते, भाकर मळते. न जावं तर दहा जण दारात येतील. पोटात चीज आणि हातात वेदीची भाकर! कुणाला पत्ता नाही. पापा-स्तेफानोस कालच म्हणाले, मिना आमच्या चर्चचा खांब आहे.

खांब!

शुक्रवार, १३ मार्च

संध्याकाळी स्तोत्रांना गेले होते. बाहेर पडताना बायकांनी घेरलं. अभिनंदन! मास्तर वळले म्हणे! (बाबा कधीच मास्तर नव्हते. बस चालवायचे. पण तुरुंगात बसून एवढं वाचलं की गाव मास्तर म्हणतं.) एकीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुझ्या प्रार्थना फळल्या गं.

हेच तर! चाळीस वर्षं मागितलं. मुलगी असताना गुडघे फुटेस्तोवर मागितलं – बाबांना वळव. तेव्हा दिलं नाही. आता मी दार बंद करून बसले, तेव्हा ते मागच्या खिडकीतून आत टाकतो! तेही असं की माणूस त्यानेच मरावा. मला आनंद होत नाहीये. राग येतोय नुसता. कुणाला सांगू?

त्याच बायका उद्या कोळंबीचा भात करणार आहेत. कोळंबीला रक्त नसतं म्हणून ती चालते. वरून बडीशेपेची दारू. याला म्हणायचं उपासकाळ!

रविवार, १५ मार्च

मसुराच्या सूपमध्ये कोंबडीचं पाणी घातलं. गाळून, चरबी काढून, तमालपत्र टाकून. माझंच मला कळलं नसतं. बाबांनी चमचा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. रागावले नाहीत. "मिने, तू खा, वाळलीस," एवढंच.

मी खाल्लं. त्यांच्यासमोर बसून वाडगं साफ केलं, मुद्दाम.

गुरुवार, १९ मार्च

व्होलोसच्या इस्पितळात रक्त तपासून आलो. उतरलंय! महिनाभरात चढायचं सोडून उतरलंय. व्लाखूबाई माझ्यावरच ओरडल्या. तुम्ही घरात आहात की नाही? पुढच्या महिन्यात परत तपासू, असंच राहिलं तर मी हात लावणार नाही, आणि गाठ काही आपली वाट बघत बसणार नाही. बाबा खिडकीतून बोटी बघत होते.

बसमध्ये मी रडले. बाबा ड्रायव्हरला सांगत होते, वळणावर गियर कुठे बदलावा.

शनिवार, २१ मार्च

शेवटचा उपाय म्हणून पापा-स्तेफानोसना बोलावलं. आजाऱ्याला सूट असते, ती त्यांनी तोंडाने द्यावी, म्हणजे वाद मिटला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात पाद्री आणि कम्युनिस्ट एका टेबलाशी बसले, आणि पाद्री म्हणतोय मांस खा, कम्युनिस्ट म्हणतोय नाही! हसावं की डोकं आपटावं?

पापांनी पवित्र ग्रंथाचे दाखले दिले. शरीर हे मंदिर आहे म्हणाले. बाबा म्हणाले, "मंदिराचं बघू नंतर. हा उपास तुझ्या हातातला नाही, पापा, तू कशी सूट देणार?" पापांना काही कळलं नाही. मलाही नाही. जाताना दारात ते मला हळूच म्हणाले, संतपणाची झाक दिसते. मी म्हटलं, हट्टीपणाची दिसते, आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

आजही शनिवार. आजही तेल नाही. ढोपरं बघवत नाहीत त्यांची.

बुधवार, २५ मार्च

देवदूताचा सण. आज मासा चालतो, सगळ्या जगाला चालतो! घराघरातून तळलेल्या कॉडचा आणि लसणीचा वास. मी त्यांच्यासाठी तळलाही नाही, नुसता उकडला.

नाही म्हणाले.

थाळी मोरीत आपटली मी. फुटली. आईच्या सेटमधली होती.

सोमवार, ३० मार्च

आज बाबा जिन्यावर बसले मध्येच. दम लागला. मी वर नेलं धरून. काहीच वजन उरलेलं नाही.

शनिवार, ४ एप्रिल

अर्गिरो मावशी आली होती, समोरची, आईची मैत्रीण. नव्वदीला टेकली तरी कुणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगते. बाबा जेवत होते. पाण्यातल्या शेंगा, मीठ, पाव. मावशी तेलाची बाटली पुढे करायला गेली, तर बाबांनी तळहात आडवा धरला. मावशीने बाटली खाली ठेवली. मग क्रॉसची खूण केली आणि मला अंगणात ओढलं.

"हा शनिवार-रविवार कोरडा धरतो?"

म्हटलं, हो, पहिल्या दिवसापासून. नियम कळत नाही त्यांना.

"नियम तुला कळत नाही, बाई," मावशी म्हणाली. "शनिवार-रविवारी तेल सुटतं ते ज्याच्या त्याच्या वाट्याचं. दुसऱ्याचा वाटा डोक्यावर घेतला की सूट नाही. तुझी आई अशीच धरायची. आपला पाच दिवस, आणि ह्याचा शनिवार-रविवार. जन्मभर."

मला माहीत नव्हतं! आई शनिवारी तेल खात नसे ते मी बघितलेलं. वाटायचं, पोटाला सोसत नाही. लेकीला कधी बोलली नाही. मावशी म्हणाली, बोललं की वाया जातं. आता पद्धत सुटली, जुन्या बायकाच धरायच्या. पुरुषाने धरलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

मग बाबा कुणाचा धरतात? आईचा? तिला जाऊन बारा वर्षं झाली. थोमासचा? मेलेल्यांचा धरत नाहीत, मावशी म्हणाली. मेलेल्यांना जेवण सुटलेलं असतं. जिवंताचाच असतो.

आणि माझ्याकडे बघत राहिली ती.

रविवार, ५ एप्रिल

विचारलं. चर्चहून आले, कोट न काढताच विचारलं. कुणाचा वाटा आहे, बाबा?

ते पलंगावर होते, पाठीला दोन उशा. म्हणाले, "पिठाच्या डब्यामागे लपवतेस. मला वास येतो. मी पक्षाची पत्रकं लपवायचो पोलिसांपासून, मिने. तुला नीट लपवताही येत नाही."

माझं तोंड सुटलं. वाट्टेल ते बोलले. माझा वाटा म्हणजे काय? मला विचारलंत? मी सोडलाय तो, टाकलाय, नको आहे मला! ज्याने थोमासला ढकललं त्याच्या नावाने मी तेल सोडू? आणि तुम्ही! तुमचा तर विश्वासही नाही!

"नाहीच आहे," बाबा म्हणाले. "देवाशी माझं काही नाही. तुझ्या आईनेही मला विचारलं नव्हतं. मी हसायचो तिला. मग सरकारने मला तुरुंगाच्या बेटावर टाकलं, तीन वर्षं. पक्षाने विचारपूस सोडली, सख्खा भाऊ नाव घेईना. पण शनिवार आला की मला ठाऊक असायचं, एक बाई घरी माझ्या नावाने कोरडं खातेय. तेवढ्यावर काढली मी ती वर्षं. तू भांड देवाशी. चांगलं भांड. पण वाटा रिकामा पडू देणार नाही मी."

मी म्हटलं, तुम्ही मराल.

"मग तू घे परत. तू घेतलास की मी सोडतो. मला काय हौस आहे? मला कोकरू खायचंय."

नाही घेणार, म्हणाले मी. आणि दार आपटून बाहेर आले.

सोमवार, ६ एप्रिल

सकाळी ताट दारातूनच आत सरकवलं.

हा न्याय आहे का? माझं दुःख, माझा राग, माझं चीज – त्यात ह्यांनी मध्ये पडायचं काही कारण? मला कुणी वाचवायला नको होतं. मला एकटीला शांतपणे देवाचा द्वेष करायचा होता, त्यात हा म्हातारा उपाशी राहून मध्ये उभा. आता राग धरावा तर बाबा मरतात. सोडावा तर थोमासला काय सांगू? तुझं गेलं ते मी चालवून घेतलं?

थोमास हसला असता, हे मला पक्कं माहीत आहे. बाबांशी पैज लावली असती त्याने. हे आठवून जास्तच चीड आली.

दुपारी त्यांचं अंथरूण बदललं. उठवून खुर्चीत बसवलं तर मान धरेना. मी हनुवटीखाली हात धरून उभी राहिले, दुसऱ्या हाताने चादर ओढत. डोळे मिटलेले होते. म्हणाले, "आज सोमवार ना?" हो, म्हटलं. "मग आज तुझ्या आईच्या हिशोबाने सोपा दिवस." आणि हसले.

मंगळवार, ७ एप्रिल

सकाळी मी माझा वाटा परत घेतला, उपास धरला. देवाशी अजून बोलत नाही.

अर्गिरो मावशीकडून ताजी अंडी आणली. बाबांनी दोन खाल्ली, मग तिसरं मागितलं. मी समोर बसून होते, माझ्या पुढ्यात पाण्यातल्या शेंगा. बाबांनी माझ्या ताटात वाकून बघितलं, आणि मग चौथं मागितलं.