घरात नसलेलं जायफळ

अहो,

मी मुकुंदवाडीला रूपाताईकडं चाललेय, सातपर्यंत येते. कुकरमध्ये वरण-भात आहे, तेवढा गरम करून घ्या.

काल तुम्ही केलेलं हॉट चॉकलेट लई भारी झालं होतं. रोज चहा उतू घालवणाऱ्या माणसानं कोको आधी गार दुधात कालवला, एक गुठळी होऊ दिली नाही, वरून जायफळही किसलं! आपल्या घरात जायफळ नसतंच. मोबाइलवर बघून केलं म्हणालात, पण तुमचा मोबाइल तर सोमवारपासून दुरुस्तीला दिलाय.

उरलेलं जायफळ माझ्या पर्समध्ये आहे. जिनं दिलं, तिला म्हणावं, घरी येऊन माझ्याकडून घेऊन जा.

मोनाली