हजेरीची सही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम करतो, की नुसतंच हो हो म्हणतो? सहा महिने फोन केला नाही. कामाची सबब सांगणार होते, पण ती तुम्हाला पटायची नाही.

काम मात्र वाढलंय. कॉलेजने मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं प्रमुख केलंय. नर्सिंग शिकवणाऱ्यांनीही दर वर्षी ठरावीक तास शिकायला बसायचं, नाहीतर शिकवायची परवानगी पुढे मिळत नाही. मी तीस जणींना हॉलमध्ये बसवते, हजेरीचा कागद फिरवते आणि चार वाजेपर्यंत कुणी सटकू नये म्हणून दारात खुर्ची टाकून बसते. मला 'जेलर' म्हणतात. मीसुद्धा हसते.

परवा विषय इंजेक्शनचा होता. बाहेरून आलेली तरुण शिक्षिका पुतळ्यावर दाखवत होती. म्हणाली, "कुल्ल्याचे चार भाग करून वरच्या बाहेरच्या भागात सुई टोचायची, ही जुनी पद्धत आता शिकवू नका. जवळून मोठी नस जाते. जागा जराशी चुकली की पाय अधू होतो. चार वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. कुणाकुणाला आठवतंय?"

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

वहिनी, तुमच्या लेकीने, आपल्या ठकीने, गेल्या वर्षी वॉर्डात सुई टोचली ती याच जुन्या पद्धतीने. त्या माणसाला अजून पाऊल नीट उचलता येत नाही. चौकशीत ती रडत सांगत होती, "आत्यानेच असं शिकवलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या चार वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पुढे केलं. नवी पद्धत शिकून आलेली बाई जुनी कशाला शिकवेल? ठकीला कॉलेजातून काढून टाकलं. घरी तुम्ही तिलाच झापलंत, "स्वतःची चूक आत्यावर ढकलतेस?" मी समोर बसून चहा पीत होते.

ती खरं बोलत होती.

त्या प्रशिक्षणाला मी सकाळी सही ठोकली आणि निघाले. आठवतंय, आपण दोघी पडद्यांचं कापड आणायला गेलो होतो? कार्यक्रम लवकर संपला, असं मी तुम्हाला सांगितलं. वीस वर्षं शिकवतेय, हे मला काय नवीन सांगणार, अशी गुर्मी होती. संध्याकाळी जाऊन प्रमाणपत्र घेऊन आले.

काल हे सगळं लिहून प्राचार्यांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, त्या प्रमाणपत्रावर माझीही सही आहे. तुम्ही बुडाल आणि कॉलेजही बुडेल. मुलगी एव्हाना दुसऱ्या कशाला तरी लागली असेल." कागद ड्रॉवरमध्ये गेला, कुलूप लागलं आणि पुढच्या प्रशिक्षणाची यादी माझ्या हातात आली. मी ती घेतली, वहिनी. जागेवर येऊन नावांपुढे खुणाही करत बसले.

आज तेच पुन्हा लिहिलंय, सहीसकट. शिकवायची परवानगी देणाऱ्या नर्सिंग परिषदेकडे मीच पाठवायला हवं, कळतंय मला. दोनदा पोस्टाच्या दारातून परत आले. म्हणून सोबत जोडतेय. ठकीच्या हातात द्या, तिने पाठवावं. माझी नोकरी जाईल हे तिला सांगू नका. कळलं तर ती पाठवायची नाही.

ठकीला खोटं पाडणारी,
तुमची नणंद